परदेशातली शाळा, मायदेशातला परवाना

डॉक्टरची नोंदणी असते, वकिलाची सनद असते. पण शिक्षकाच्या हाती मुदतीचा परवाना असावा आणि ती मुदत सरताच वर्गात उभे राहण्याचा त्याचा अधिकारही सरावा, ही कल्पना आपल्याकडे रुजलेली नाही. बी. एड.ची पदवी एकदा मिळाली की ती जन्माची. शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राला आरंभी ७ वर्षांची मुदत होती. २०२१ मध्ये तीही उठली. त्यामुळे एखादा अमेरिकन शिक्षक बँकॉकच्या वा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळेत उत्तम काम करीत असतानाही हजारो मैलांवरच्या एका कचेरीतील कागदाची काळजी वाहत असतो, याचे येथील शिक्षकांना नवलच वाटेल.

अमेरिकेत शिक्षण हा मुख्यत्वे घटक राज्यांचा विषय आहे. राज्ये ५० आणि नियमही जवळजवळ तितकेच. टेक्सासमध्ये दर ५ वर्षांनी १५० तासांच्या प्रशिक्षणाचा हिशेब द्यावा लागतो; पेनसिल्व्हेनियात तेवढ्याच मुदतीत १८० तास भरावे लागतात. न्यू जर्सीत मात्र कायम परवाना एकदा हाती आला की नूतनीकरणाची चिंता नाही. खुद्द टेक्सासमध्ये १९९९ च्या सप्टेंबरपूर्वी तहहयात प्रमाणपत्र मिळवलेला शिक्षक या तासांतून मुक्त आणि त्याच्या शेजारच्या वर्गातील तरुण सहकारी त्यांत गुंतलेला, असे चित्र दिसू शकते. मग या तासांनी शिक्षक घडतो की केवळ दप्तर भरते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालावा म्हणून राज्याराज्यांत करार झालेले आहेत. परंतु जुन्या आंतरराज्य कराराचा अर्थ इतकाच की, कोणाची कोणती प्रमाणपत्रे आपण विचारात घेऊ हे प्रत्येक राज्य सांगते. वर स्वतःच्या परीक्षा व अटी लावण्यास ते मोकळेच राहते. शिक्षकांच्या सुलभ स्थलांतरासाठी नवा करार आखला गेला आणि १० राज्यांनी तो स्वीकारल्यावर २०२३ मध्ये तो अस्तित्वात आला. वारंवार बदली होणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांतील शिक्षकांचे हाल ही त्यामागची एक मोठी प्रेरणा. तथापि हा करार सभासद राज्यांनी दिलेल्या परवान्यांपुरताच आहे.

समुद्रापलीकडे गेलेल्याची अडचण निराळी. अनेक राज्ये परवान्यासाठी बोटांचे ठसे मागतात. मायदेशी हे काम काही मिनिटांत यंत्रावर होते. परदेशात शाईचे ठसे कार्डावर उमटवून घेऊन ते टपालाने धाडावे लागतात आणि ठसे पुसट ठरले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. शपथपत्रावर वकिलातीचा शिक्का हवा असेल तर एकेका शिक्क्यास ५० डॉलर मोजावे लागतात. विद्यापीठाची गुणपत्रके विद्यापीठाकडूनच थेट जावी लागतात. यांतील पोलीस तपासणीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मुले ज्याच्या स्वाधीन करायची त्याची चौकशी झालीच पाहिजे, तो कोठेही राहत असो.

हा सारा त्रास असला तरी अनुभवी शिक्षक तो निभावून नेतो. खरी कुऱ्हाड कोसळते ती नवख्यावर. कॅलिफोर्नियात प्रथम मिळतो तो ५ वर्षांचा प्राथमिक परवाना. तो पक्का व्हावयाचा तर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सुमारे २ वर्षांचा कार्यक्रम पुरा करावा लागतो आणि तो सामान्यतः त्या राज्यातील शाळेत नोकरी करतानाच होतो. एकदा परवाना पक्का झाला की दर ५ वर्षांनी अर्ज आणि शुल्क पुरते; प्रशिक्षणाच्या तासांची अट २००७ पासून गेली आहे. म्हणजे पक्क्या परवान्याचा शिक्षक वीस वर्षे परदेशी राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. पण प्राथमिक परवाना घेऊन उत्साहाने बाहेर पडलेला तरुण ५ वर्षे मनापासून शिकवून परततो, तेव्हा कागदोपत्री तो निघाला होता त्याहूनही मागे गेलेला असतो. परदेशातील वर्ग हा वर्ग नव्हे काय? तेथील मुख्याध्यापकाची देखरेख ही देखरेख नव्हे काय? राज्याला संशय असेल तर त्याने त्या शाळेची अधिस्वीकृती तपासावी, शिक्षकाचा पाठ पाहावा. दूरचित्राच्या साधनांनी आज ते अशक्य राहिलेले नाही. पाच वर्षांचे काम शून्य धरणे हा मात्र तपासणीचा आळस झाला.

नियम बदलता येतात, हे जपानने दाखवून दिले आहे. तेथे २००९ मध्ये दर १० वर्षांनी ३० तासांच्या वर्गांसह नूतनीकरण सक्तीचे झाले. शिक्षकांवरील बोजा आणि शिक्षकांचा तुटवडा यांची चर्चा वाढत गेली, आणि २०२२ च्या जुलैत ती पद्धत रद्द करण्यात आली.

या गोष्टींशी येथील वाचकाचा संबंध नाही असे मात्र नाही. देवाणघेवाणीच्या व्हिसावर भारतीय शिक्षक अमेरिकेतील शाळांत शिकवण्यास जातात. हा मुक्काम ३ वर्षांचा, वाढवला तर ५ वर्षांपर्यंतचा. पुन्हा त्याच योजनेतून जावयाचे तर मध्ये २ वर्षे अमेरिकेबाहेर काढावी लागतात. त्या काळात तेथील राज्याने दिलेला परवाना घड्याळाच्या काट्याबरोबर झिजत असतो. पुण्या-नागपुरास परतलेल्या अशा शिक्षकाने निघतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: परवान्याची नेमकी मुदत, तो निष्क्रिय म्हणून राखून ठेवण्याची सोय आहे की नाही, आणि भारतातील अध्यापन व प्रशिक्षण हिशेबात धरले जाईल काय. उत्तर लेखी घ्यावे. खिडकीवरचा कारकून पुढल्या खेपेस तोच असेल असे नाही.