रोटीघाटापलीकडचा माळ पडीक नाही

पुणे–सोलापूर रस्त्यावरचे पाटस हे गाव दोन भिन्न सृष्टींच्या सीमेवर वसलेले आहे. उत्तरेस भीमेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी जमीन, तिला मिळणारे खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी, त्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि त्या उसासाठी उभा राहिलेला भीमा सहकारी साखर कारखाना. दक्षिणेस रोटीचा घाट. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी पाटसचा विसावा आटोपून या घाटाकडे निघते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. घाटमाथा आला की उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि नजर पोहोचेल तेथवर उघडा माळ पसरलेला दिसतो. रोटी, हिंगणीगाडा, कुसेगाव, वासुंदे आणि पालखीच्या मुक्कामाचे उंडवडी गवळ्याची, ही सारी त्या माळावरची गावे. यांतील शेवटच्या गावाच्या नावातच येथील जुन्या जीवनाची खूण आहे. हा मुलूख नांगराआधी गुराखी-मेंढपाळांच्या काठीला ओळखत होता.

या माळाकडे पाहून सुशिक्षित माणसाच्या तोंडून सहज जो शब्द निघतो, तो म्हणजे 'पडीक'. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, वीतभर माती आणि तिच्याखाली मुरूम; अशा जागी निसर्गाने काही निर्माण करण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, अशीच आपली समजूत असते. परिसरविज्ञान मात्र नेमके याच्या उलट सांगते. येथील गवत हे उजाड झालेल्या जंगलाचे अवशेष नसून, या पावसाला व या मातीला निसर्गाने दिलेले ते पूर्ण आणि प्राचीन उत्तर आहे.

गवताची वाढ शेंड्यातून होत नाही, तर जमिनीलगतच्या अंकुरातून होते. त्यामुळे मेंढीने पाने खुडली तरी गवत मरत नाही. पावसाची एक सर त्याला पुन्हा उभे करते. झाड आपली संपत्ती खोडात साठविते, गवत ती मुळांत साठविते. ही मुळे कुजत, पुन्हा फुटत मातीला धरून ठेवतात, तिच्यात सेंद्रिय द्रव्य मिसळतात आणि पावसाचे पाणी जागीच मुरवितात. धोतराला अडकून त्रास देणाऱ्या कुसळीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या बीजाला जोडलेले लांब कूस ओलाव्याने उलगडते आणि उन्हाने पिळले जाते. या उलटसुलट पिळाने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. उरलेले बी मेंढीच्या लोकरीला चिकटून पुढच्या माळावर जाते. म्हणजे गवताने मेंढीला पोसावे आणि मेंढीने गवताची पेरणी करावी, असा हा व्यवहार आहे.

तोच व्यवहार पुढे वाढत जातो. गवतावर नाकतोडे वाढतात. नाकतोड्यांवर चंडोल, धाविक आणि सरडे जगतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी याच नाकतोड्यांवर गुजराण करतात आणि उंच गवतातच रात्र काढतात. शेताच्या बांधावर उंदीर माजले की खोकड त्यांचा समाचार घेते. चिंकारा पाल्यातील ओलाव्यावर तहान भागवून पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो. बोर, हिवर आणि तरवड ही झुडपे सावलीपुरती विखुरलेली असतात, आणि ती विरळ असणे हेच येथे महत्त्वाचे असते. कारण जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला आणि पळून जीव वाचविणाऱ्या हरणाला शत्रू दुरून दिसावा लागतो. या साऱ्या रचनेच्या शिरोभागी लांडगा आहे.

या लांडग्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, भारतीय उपखंडातील लांडगा ही जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशशाखांपैकी एक असल्याचे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले आहे. एका अंदाजानुसार देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे वाघांहून ती फारशी वेगळी नाही. वाघासाठी राष्ट्रीय प्रकल्प झाला, अभयारण्ये झाली. लांडगा मात्र बहुतांशी अशा जागी राहतो की, जिला सरकारदरबारी जंगल म्हणूनही मान नाही. दुसरी गोष्ट अशी की, या भागातील लांडगा माणसापासून दूर राहिलेलाच नाही. चिंकारा, ससे व उंदीर यांच्या जोडीने तो धनगराच्या कळपावर जगत आला आहे.

धनगर आणि लांडगा यांचे नाते शहरी मनाला सहजासहजी उमगणारे नाही. कोकरू गेले की धनगराचे नुकसान होते. तो ओरडतो, दगड फेकतो, कुत्री सोडतो. तरीही वाड्याभोवती फिरणाऱ्या लांडग्याचा समूळ नाश करावा, असा विचार त्या समाजाच्या परंपरेत प्रबळ झाला नाही. कळपातील थोडा वाटा त्याचा, हा हिशेब धरूनच मेंढरे राखली गेली. दिवाळीच्या सुमारास हे वाडे गवत संपलेल्या माळावरून निघत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवीत. लेंडी-मुताचे खत शेताला मिळे आणि मोबदल्यात धनगराला धान्य मिळे. पावसाळ्यात वाडे परत येईपर्यंत माळाला विसावा मिळालेला असे. चराई, विश्रांती आणि पुन्हा चराई, हे चक्र कोणत्याही समितीने आखून दिलेले नव्हते. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील धनगरांच्या जीवनाचा परिसरविज्ञानाच्या अंगाने अभ्यास केला, त्याचे कारण हेच.

मग अशा जमिनीला 'पडीक' हे नाव कोणी दिले? त्याचे मूळ महसुलाच्या वहीत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातील नव्या जमाबंदीचा प्रारंभ केला, तो याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात. मातीची जात आणि खोली पाहून जमिनीची प्रतवारी लावण्याची ती पद्धत. शेतसारा ठरविण्यासाठी ती सोयीची होती. परंतु जी जमीन सारा देत नाही ती निरुपयोगी, हा विचार तिच्याबरोबर आपोआप रुजला. इंग्रज गेले, विचार मात्र राहिला. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले आणि त्यांत गवताळ व झुडपी माळांचे मोठमोठे पट्टे समाविष्ट झाले. एकदा नकाशावर 'पडीक' असा शिक्का बसला की, त्या जागेचे काहीतरी 'भले' करणे हे प्रत्येक खात्याला आपले कर्तव्य वाटू लागते.

हे भले बहुधा वृक्षारोपणाच्या रूपाने येते. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडण्यात आले. त्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु झाड लावण्यास मोकळी जागा हवी, आणि मोकळी म्हणून नेमका माळच डोळ्यांत भरतो. तेथे यंत्राने चर खणले जातात, गवताचे जुने गड्डे उखडले जातात आणि गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी परकी रोपे लावली जातात. ती जगली नाहीत तर खर्च आणि गवत दोन्ही वाया जातात. जगली, तर उन्हावर वाढणारे गवत सावलीत खुरटते. धाविक आणि चंडोल यांच्या अंड्यांवर टपलेल्या कावळ्याला बसायला उंच फांदी मिळते. मेंढरांचे चराऊ रान आटते आणि ती उरलेल्या तुकड्यावर दाटी करतात. मग 'अतिचराईने माळ उजाड झाला' असा ठपका धनगरावर ठेवला जातो! शाळाशाळांतून 'झाडे लावा' हे वाक्य मुलांना पाठ आहे. 'कोठे लावा' हा प्रश्न मात्र त्यांना कोणी शिकविलेला नाही.

परिसराचा एक धागा ओढला की दुसरे कसे सैल होतात, हे पाहण्यासाठी घाटाच्या दोन्ही बाजूंची तुलना पुरेशी आहे. कालव्याच्या बाजूस ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. या दाट आडोशाने बिबट्याला घर दिले. जुन्नर तालुक्यात २००१ ते २००३ या काळात बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न मिटत नाही, उलट चिघळतो, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. आज शिरूर आणि दौंड तालुक्यांतील उसाच्या शिवारातही बिबट्या नवा राहिलेला नाही. माणसाने पीक बदलले आणि त्याबरोबर शेजारी बदलला. घाटावर याच्या उलट घडत आहे. तेथील मूळ शेजाऱ्याची, म्हणजे लांडग्याची, जागा भटकी कुत्री घेत आहेत. गावाबाहेरचे उकिरडे आणि उघड्यावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या यांवर ही कुत्री पोसली जातात, टोळ्यांनी माळावर जातात, चिंकाऱ्याची पाडसे मारतात आणि आपले रोग लांडग्यांना देतात. एवढ्यावरही हे थांबलेले नाही. पुण्याजवळच्या माळावर दिसलेला एक वेगळ्या रंगाचा प्राणी लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने सिद्ध केले. असा संकर वाढत गेल्यास लांडगा गोळी न लागताही नाहीसा होऊ शकतो.

संरक्षणाचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले आणि तेथे चिंकारे टिकून आहेत. परंतु त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. लांडग्याच्या एका कळपाच्या भटकंतीलाही ते अपुरे पडावे. दुसऱ्या टोकाचा अनुभव सोलापूर-अहिल्यानगर भागातील माळढोक अभयारण्याचा. १९७९ साली ते जाहीर झाले तेव्हा त्याची व्याप्ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती. तीत शेते आली, गावे आली, बाजारपेठा आल्या. लोकांना जमिनीचे व्यवहार करणे कठीण झाले आणि पक्षी त्यांना वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र बरेच कमी करावे लागले. दरम्यान माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला. अतिलहान कुंपण आणि अतिविशाल बंधन, दोन्हींतून एकच बोध निघतो. माळ हा तेथे राबणाऱ्या माणसांना बरोबर घेऊनच राखता येतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. ज्या गावांनी १९७२ चा दुष्काळ सोसला, टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे घालविले, त्यांनी लांडग्यासाठी पाणी नाकारावे काय? रस्ता नाकारावा काय? तसे कोणी म्हणू नये. जनाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणी दुष्काळी गावांना मिळालेच पाहिजे, आणि २०२१ साली पायाभरणी झालेला पालखी मार्ग वारकऱ्यांच्या सोयीचाच आहे. परंतु शेतीच्या जमिनीला पाणी देणे वेगळे आणि चराऊ माळ नांगरून तेथे ऊस उभा करणे वेगळे. पाणी कशासाठी वापरावे, हा प्रश्न विचारणे म्हणजे पाणी नाकारणे नव्हे. शिवाय माळ नाहीसा झाल्याचा फटका पहिल्यांदा ज्याला बसतो तो धनगरही याच गावांचा नागरिक आहे. विकासाच्या हिशेबात त्याचा रकाना कोरा का राहावा?

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. गवताळ माळांना 'पडीक' या सदरातून काढून त्यांची स्वतंत्र नोंद व्हावी. वृक्षारोपणाचे उद्दिष्ट ठरविताना असे माळ वगळावेत. झाडे गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, बांधावर लावावीत. वनखात्याच्या कुरणांत चराईस सरसकट बंदी न घालता पाळीपाळीने गट उघडे ठेवावेत. लांडग्याने मारलेल्या जनावरासाठी शासनाची भरपाई आहे. परंतु ठरावीक मुदतीत वर्दी, मग पंचनामा, ही रीत एका जागी राहणाऱ्यासाठी आहे. लांडगा कोकरू उचलूनच नेतो आणि वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलेला असतो. फिरत्या माणसाला फिरतेपणीच मिळेल अशी भरपाईची सोपी पद्धत हवी. उकिरड्यांचा बंदोबस्त आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण ही ग्रामपंचायतींनी आरोग्याचीच कामे समजावीत.

शिक्षकांच्या हाती तर याहून मोठे साधन आहे. अन्नसाखळीचे चित्र फळ्यावर काढताना परदेशातील किंवा दूरच्या अरण्यातील प्राणी आणण्याचे कारण नाही. दौंड-बारामतीच्या विद्यार्थ्याला ती घाटमाथ्यावर उघड्या डोळ्यांनी पाहता येते. एक चौरस मीटर माळावर किती जातींची गवते आहेत, हे त्याने एकदा बसून मोजले, तर 'पडीक' हा शब्द तो पुन्हा इतक्या सहजतेने वापरणार नाही.

माळाला आपली कैफियत मांडता येत नाही आणि लांडग्याला मत नाही. पण तेथील गवत मुरविते ते पाणी खालच्या विहिरींनाच मिळते, आणि ते धरून ठेवते ती माती वाहून गेली तर खालचेच तलाव गाळाने भरणार आहेत. घाटावरच्या सृष्टीचे जे होईल, त्याचा जाब घाटाखालच्या सृष्टीलाही द्यावा लागेल. तेव्हा रोटीघाटापलीकडच्या माळाचे 'भले' करण्यापूर्वी तो आजवर आपले कोणते भले करीत आला आहे, एवढे तरी विचारण्याचे सौजन्य आपण दाखवावे.