नववं सर्किट: तोडायचं, पण कुठे?

मागच्या वेळी आपण अमेरिकेच्या जिल्हा न्यायालयांपाशी थांबलो होतो. आज एक पायरी वर. तिथल्या संघराज्याच्या अपील न्यायालयांना सर्किट म्हणतात; पूर्वी न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फेरी मारत, त्यावरून हे नाव. त्यातलं सर्वांत मोठं नववं. अलास्कापासून ॲरिझोनापर्यंत नऊ राज्यं, शिवाय पॅसिफिकमधली ग्वाम वगैरे बेटं. न्यायाधीशांची मंजूर पदं 29.

आता अडचण बघा. अपील ऐकतात तीन न्यायाधीश. 29 जणांतून तिघे निवडायचे, तर 3,654 वेगवेगळी पीठं होऊ शकतात! एकाच प्रश्नावर दोन पीठं दोन तोंडांनी बोलली, तर इतर सर्किटांत सगळे न्यायाधीश एकत्र बसून वाद मिटवतात. इथे मुख्य न्यायाधीश आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा, असे अकराच बसतात. म्हणजे त्यातले सहा जण सगळ्या नऊ राज्यांचा कायदा ठरवणार. विभाजनवाल्यांचा हा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो.

पण दुसरंही कारण होतं. 1991 मध्ये ठिपकेदार घुबडाच्या प्रकरणात लाकूडतोड रोखणारा मनाई हुकूम या न्यायालयानं कायम ठेवला. असल्या निकालांवर वायव्येतले काही सिनेटर चिडून होतेच. त्यामुळे ‘काम फार आहे’ असं कुणी म्हटलं, की समोरचा म्हणणार, काम नव्हे, निकाल खुपतायत.

मग पाचवं सर्किट कसं तोडलं? 1981 मध्ये टेक्सस, लुइझियाना, मिसिसिपी तिथेच राहिली आणि अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा मिळून अकरावं झालं. दोन्हीकडे वजनदार राज्यं होती. नवव्यात मात्र निम्म्याहून जास्त काम एकट्या कॅलिफोर्नियाचं. ते वेगळं काढलं तरी अवाढव्यच राहतं. म्हणून 1973 मध्ये हृस्का आयोगानं कॅलिफोर्नियाच दोन सर्किटांत वाटायला सांगितलं. म्हणजे राज्याचा एखादा कायदा लॉस एंजेलिसमध्ये घटनाबाह्य आणि सॅन फ्रान्सिस्कोत वैध, असं होऊ शकलं असतं. आपल्याकडची नागपूर-औरंगाबादची खंडपीठं डोळ्यापुढे आणू नका. ती एकाच मुंबई उच्च न्यायालयाची. इथे न्यायालयंच दोन झाली असती.

1998 मध्ये व्हाइट आयोगानं मधला मार्ग सुचवला: सर्किट एकच, आत तीन प्रादेशिक विभाग. त्यातही कॅलिफोर्निया दोन विभागांत गेलंच होतं. काँग्रेसनं ते मान्य केलं नाही, आणि त्यानंतर आलेली विभाजनाची विधेयकंही तशीच पडून गेली.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.