साडेसातची गोळी, नऊचे जेवण

गेल्या पावसाळ्यात आमच्या चिरंजिवांना नवी नोकरी लागली. पहिल्या पगाराचे जेवण आपण देणार, आणि तेही बाणेरमधल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या ब्रूपबमध्ये, असे त्याने जाहीर केले. माझे वडील, म्हणजे अण्णा, ८१ वर्षांचे. आई गेल्यापासून दोन वर्षांत त्यांनी घराबाहेर घास घेतलेला नव्हता. माझ्या तोंडून सवयीने नकारच निघाला. "तिथे गोंगाट असतो, खाणे खारट असते, तुम्हाला सोसायचे नाही."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "नातवाच्या पंगतीला आजोबा नकोत, हे तुझ्या कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?"

आम्ही गेलो.

ज्यांनी असे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रूपबमध्ये बिअर बाहेरून येत नाही, तिथेच तयार होते. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात. जवाला मोड आणून, भाजून केलेले माल्ट, हॉप्स नावाची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी एवढाच मूळ ऐवज. गव्हाच्या बेल्जियन धाटणीच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणेही घालतात. हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग हा काढाच म्हणायचा." तरुणपणी ते मित्रांबरोबर क्वचित घेत असत. त्यांनी लहान ग्लास मागवला. मी काही बोलले नाही.

खाद्यपदार्थांची यादी पूर्वेकडची होती. वाफवलेले बाओ, डिमसम, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सातेच्या काड्या, कोरियन पद्धतीचे तळलेले चिकन, किमची. पहिल्यांदा आली एडामामे, म्हणजे मीठ लावून उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. अण्णांची निम्मी नोकरी कृषी खात्यात लातूरकडे गेलेली. सोयाबीनचे हे रूप पाहून त्यांना मौज वाटली आणि मटार सोलावेत तसे ते दाणे काढत बसले. पण दाणे काढले अधिक आणि नातवाच्या ताटलीत सरकवले अधिक. शनिवारची गर्दी होती, बाकीचे पदार्थ येता येत नव्हते.

नऊच्या सुमारास अण्णा गप्प झाले. मग काहीतरी असंबद्ध बोलले, जीभ किंचित जड. कपाळावर घाम. शेजारून जाणारा वेटर सौजन्याने म्हणाला, "आजोबांना जरा जास्त झाली वाटते," आणि माझा मुलगाही हसला. अण्णांच्या ग्लासातली बिअर जेमतेम निम्मी संपली होती.

मी तीस वर्षे रुग्ण तपासते आहे, तरीही लक्षात यायला मला मिनिटभर लागले, हे कबूल केले पाहिजे. घरी जेवण पावणेआठला असते म्हणून अण्णांनी शिस्तीने साडेसातला ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही याची ती वाट पाहत नाही. एरवी साखर उतरू लागली की यकृत नवी साखर तयार करून तोल सावरते. मद्य पोटात असेल तर यकृताचे हेच काम मंदावते. साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, अडखळतो, भलतेच बोलतो, कधी भांडतोही. समोर ग्लास असला की पाहणाऱ्याला दुसरे काही सुचत नाही. या आजारातला खरा धोका हाच गैरसमज आहे. 'झोपू दे, उतरेल' असे म्हणून अशा माणसाला घरी नेऊन निजवले, तर तो सकाळी उठेलच याची खात्री देता येत नाही.

मी पाणी आणि चहाचे चार चमचे साखर मागवली. अण्णा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तोंडाने देता आली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णवाहिका बोलवावी. चॉकलेट किंवा आइस्क्रीम अशा वेळी उपयोगाचे नाही, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखरही सावकाश लागू पडते. अशांनी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड फारशी जाणवत नाही, घाम तेवढा येतो. पंधरा मिनिटांत अण्णांनी डोळे नीट उघडून विचारले, "बाओ आले का?"

त्यांनी दोन बाओ खाल्ले. घरी आल्यावर साखर १०४ भरली. तरीही मी त्यांना दूध-पोळी दिली आणि रात्री दोनला पुन्हा बोट टोचले, कारण या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

गंमत अशी की मी घाबरले होते ते मिठाला. ती भीती खोटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ असते. किमची, फिश सॉस, शेंगांवरची भुरभुर, सगळे त्याच खात्यात. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना दुसऱ्या दिवशी पावलांवर सूज दिसते. पण त्यावर उपाय सोपा आहे: सॉस वेगळा मागवावा, किमची चिमूटभर चाखावी. गोळीच्या वेळेचा विचार मात्र मला शिवलाही नव्हता.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते. जे घेत नाहीत त्यांनी उतारवयात आरंभ करण्याचे काहीच कारण नाही. झोपेच्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी घोटभरही घेऊ नये. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्याने ग्लास हाती धरला, तर उठताना आधी बसल्या जागी पाय हलवावेत. पडण्याचे निमित्त बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवरच घडते. आणि गाऊट असेल तर बिअर सोडून द्यावी, ते दुखणे मी कुणालाही चिंतणार नाही.

अण्णांच्या मधुमेहतज्ज्ञांनी नंतर गोळी बदलून दिली. मला मात्र वाटत होते की आता ते पुन्हा बाहेर पडायचे नाहीत. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ते तयार होऊन दारात उभे राहिले. मंगळवारी तिथे गर्दी नसते, हे त्यांनी नातवाकडून काढून घेतले होते. सदऱ्याच्या खिशात गोळी, ग्लुकोजची पुडी आणि ग्लुकोमीटर. टेबलाशी बसताच त्यांनी त्याच वेटरला सांगितले, "आधी बाओ. ते समोर आले की मी गोळी घेईन. तोवर शेंगा आणा, मीठ न लावता."

शेंगा आल्या. या खेपेला दाणे त्यांनी स्वतःच खाल्ले.