अंग बाहेर पडलेली गाय आणि शेपटीतले इंजेक्शन

शेतकरी बंधूंनो, गाय व्याली आणि अंग बाहेर पडले, की आपण काय करतो? चार गडी बोलावतो आणि आत ढकलायला लागतो. मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवर मी हेच पाहिले. गाय कळा देत होती, आत घातलेले परत बाहेर येत होते. दोन तासांच्या झटापटीत अंग सुजले, ओरबाडले. डॉक्टर पोचले तोवर आतून रक्तस्राव सुरू झाला होता. गाय गेली, वासरू राहिले. ‘अहो साहेब, ताकद कमी पडली,’ काका म्हणाले. ताकदीचा प्रश्नच नव्हता. कळा थांबायला हव्या होत्या.

त्या थांबवण्यासाठी डॉक्टर शेपटीच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात. ते शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वरखाली करतात. जिथे सांधा हलतो, तिथे बोटाला खळगा लागतो. केस कापून, जागा स्वच्छ करून सुई तिथेच जाते. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी पोकळी असते, तिच्यात औषध पडते. गाईचा मज्जारज्जू त्याच्या बराच पुढे संपलेला असतो, तेव्हा ‘कण्यात सुई नको’ ही भीती सोडा. मोठ्या गाईला दोन टक्के लिग्नोकेन साधारण ५ मिली पुरते. थोड्याच वेळात शेपटी लुळी पडते, मागचा भाग बधिर होतो, जोर करणे थांबते. गाय मात्र उभीच राहते. ही काही कालची विद्या नाही. माणसांत ही पद्धत पॅरिसमध्ये १९०१ साली आली.

पण म्हणून कुणी घरी सुई हातात घेऊ नये! औषध जास्त झाले तर मागचे पाय लटपटतात, गाय कोसळते. जागा अस्वच्छ राहिली तर पू होतो.

डॉक्टर येईपर्यंत तुमचे काम एवढेच: बाहेर आलेला भाग स्वच्छ पाण्याने धुवा, ओल्या धुतलेल्या चादरीवर उचलून धरा, कुत्री-कावळे राखा. गाय बसली असेल तर मागची बाजू उंचावर घ्या. चालवू नका. वार चिकटलेली असेल तर ओढू नका.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. त्या वस्तीवर तो कुणालाच ठाऊक नव्हता.