प्रार्थनाभूमीवरील पिंपळ आणि जीवदया

सेवाग्राम आश्रमात गांधीकालीन वस्तूंमध्ये एक लाकडी पिंजरा व लांब चिमटा जतन केलेला आहे. आश्रमात साप निघाला, की त्याला न मारता चिमट्याने अलगद धरावे, पिंजऱ्यात ठेवावे आणि दूर रानात सोडून द्यावे, असा तेथील परिपाठ होता. १९३६ साली गांधीजी राहावयास आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते आणि साप-विंचवांचा तेथे सुकाळ होता.

इंग्लंडमधील जुन्या चर्चची आवारे शतकानुशतके नांगराखाली आली नाहीत. त्यामुळे अन्यत्र दुर्मीळ झालेली रानफुले, फुलपाखरे व वटवाघळे तेथे टिकून राहिली. आता शाळकरी मुले आणि गावकरी मिळून या आवारांतील जीवांच्या नोंदी करतात. वर्धा जिल्ह्यात अशा उपक्रमासाठी सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीहून योग्य जागा सापडणे कठीण. तेथे गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे.

एकट्या पिंपळाखाली मुलांचा अख्खा दिवस जाईल. पिंपळाची फुले बाहेर दिसत नाहीत, ती फळाच्या पोटातच असतात. तिळाहूनही लहान असा एक कीटक सूक्ष्म छिद्रातून आत शिरतो, परागीकरण करतो, अंडी घालतो आणि तेथेच त्याचे आयुष्य संपते. त्याची पुढची पिढी फळातच जन्मते. वड, पिंपळ, उंबर आदी पंच उदुंबर फळांचा त्याग जैन श्रावकाचारात सांगितला आहे, तो आत त्रसजीव असतात म्हणूनच. घरातील ज्येष्ठ हा नियम निष्ठेने पाळतात, परंतु नातवाने ‘का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आपल्यात चालत नाही’ एवढेच मिळते. झाडाखाली गळून पडलेले फळ आणि एक साधे भिंग त्याला अधिक समाधानकारक उत्तर देतील. पिकलेली फळे तांबट, बुलबुल, कोकिळा खातात व त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर जाते. मंदिराच्या शिखरावर पिंपळ उगवतो तो असाच.

कामातून शिक्षण हा विचारही वर्ध्याचाच. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन विद्यालयात आजही शेती व बागकाम अभ्यासाचाच भाग आहे. पुढे २०१८ मध्ये वर्धा शहराने आपला शहरपक्षी चक्क मतदानाने निवडला. बहार नेचर फाउंडेशनच्या या उपक्रमात विद्यार्थ्यांनीही मते दिली आणि नीलपंख निवडून आला.

मंदिरे, स्थानके, धर्मशाळा यांची आवारे मात्र दिवसेंदिवस फरशीखाली जात आहेत. कबुतरांना धान्य टाकण्यावर मुक्त हस्ते खर्च होतो, पण गांडूळ, मुंगी, भुंगा यांना मातीचा एक कोपरा राखून ठेवावा, हे विश्वस्तांच्या सभेत क्वचितच निघते. द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय हे वर्ग पाठशाळेत मुखोद्गत करणाऱ्या मुलांना ते जीव प्रत्यक्ष दाखवायचे तरी कोठे?

दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानतात. काही ठिकाणी त्यासाठी तो पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवला जातो आणि भाविक दर्शनाचे पैसे देतात. कायद्याने हा गुन्हा आहे. वर्ध्याच्या आसपास तर शेतालगतच्या विजेच्या तारेवर तो मोकळाच बसलेला दिसतो.