देवजाद घोडा आणि दहा मिनिटांची हवा

लखनौचे मुन्शी नवल किशोर यांनी १८८३ मध्ये 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही उर्दू अद्भुतकथा छापायला घेतली. एकेक खंड उशाला घेता येईल इतका जाड, आणि असे आठ खंड. 'दास्तान-ए-अमीर हमजा'ची सगळी मालिका धरली तर शेहेचाळीस! त्यात मायावी नगरं आहेत, वेश पालटणारे अय्यार आहेत आणि जादूने घडवलेल्या पशुपक्ष्यांवर स्वार होणारे जादूगारही आहेत. अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला १९७४ साली. लखनौ ९१ वर्षं पुढे होतं.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट पुढे नेतो, बाकीचे योद्धा, धर्मवीर, मांत्रिक, वनवीर वगैरे होतात. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि वीराबरोबर एखादा प्राणी असतो: लांडगा, घुबड, घोडा. त्या प्राण्याने काय करावं आणि काय करू नये, याचे पानंच्या पानं नियम असतात. मला या खेळातलं सगळ्यात मोहक प्रकरण हेच वाटतं, आणि त्यातला प्रत्येक नियम वाचताना लखनौ आठवतं.

घोडा हवा? दहा वर्षं थांबा

१९७८ च्या नियमपुस्तकात धर्मवीराला चौथ्या पातळीवर दिव्य युद्धाश्व बोलावता येई. पण दहा वर्षांतून एकदाच! घोडा गमावला की उरलेली वर्षं पायी. दास्तानीचा नायक अमीर हमजा, त्याचा अश्कर देवजाद याच तोलाचा घोडा. नावावरून मराठी माणूस हमखास फसतो. फारसीत 'देव' म्हणजे राक्षस, तेव्हा देवजाद म्हणजे राक्षसाच्या पोटचा. बाप राक्षस, आई परी, जन्म काफ पर्वताच्या मायावी मुलखातला. असा घोडा बाजारात मिळत नाही, म्हणून तर हमजा त्याला जिवापाड जपतो.

भूचर, जलचर, खेचर

२०१४ च्या आवृत्तीत वनवीराच्या सोबती प्राण्याची फार आबाळ झाली. लांडग्याला 'चाव' म्हणायचं तर वनवीराने आपली खेळी त्यावर खर्च करायची. म्हणजे दोघे असून काम एकाचंच. खेळाडूंनी वर्षानुवर्षं तक्रार केली. अखेर २०२० मध्ये नवा पर्याय आला: हुकमाला छोटी जादा खेळी पुरे, वनवीराचा स्वतःचा वार शाबूत. आणि प्राण्यांचे प्रकार तीनच ठेवले: जमिनीवरचा, पाण्यातला, आकाशातला. आपल्या आजीला विचारा, ती भूचर, जलचर, खेचर म्हणून मोकळी होईल. 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीचा हिशेब मला जास्त पटतो. फेरीत तुमच्या तीन कृती. त्यातली एक हुकमासाठी द्या, प्राण्याला दोन मिळतात. एक देऊन दोन घ्या, सौदा वाईट नाही.

पिशवीत बकरी किती वेळ जगते?

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक जादूची पिशवी असते. बाहेरून लहान, आत पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर ऐवज मावतो. जिवंत प्राणी ठेवला तर हवा दहा मिनिटांची. दोन बकऱ्या ठेवल्या तर प्रत्येकीला पाच.

होशरुबातल्या अमर अय्यारची 'जंबील' ही या पिशवीची खापरपणजी. तिला वजनाची मर्यादा नाही, हवेची नाही, आत शहरंच्या शहरं वसलेली. कथा सांगणाऱ्याला ती सोन्याची खाण. पण टेबलावर ती आणली तर खेळ पहिल्या तासातच संपेल, कारण ज्या पिशवीत सगळं मावतं तिच्या मालकाला अडचण कसली येणार? दहा मिनिटांच्या हवेमुळे बकरी वाचवायची धावपळ होते, आणि ती धावपळ हाच खेळ.

मेला की नाहीसा

मांत्रिकाचा 'फॅमिलियर', म्हणजे घुबड, मांजर, बेडूक किंवा कोळ्याच्या रूपातला आत्मा. बोलवायला एक तास आणि दहा सोन्याच्या नाण्यांचा धूप, कोळसा, वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या. तो वार करू शकत नाही. पण शंभर फुटांच्या आत असेल तर त्याच्या डोळ्यांनी तुम्हाला पाहता येतं! मेला तर कलेवर मागे राहत नाही. पुन्हा शेगडी पेटवा, पुन्हा येतो.

होशरुबात याहून भारी दृश्य आहे. जादूगार मेला की काळोख दाटतो, वादळ उठतं आणि अदृश्य आवाज त्याचं नाव घेऊन टाहो फोडतात: अमक्याला मारलं! मग त्याने रचलेली माया विरून जाते. सूत्रधारांनो, हे उचला. दिवे मंद करा आणि नाव पुकारा, टेबलावर काटा येतो.

उंट, हत्ती की फील?

बुद्धिबळ हा टेबलावरचा जुना प्राणिमेळा. घोडा अडीच घरं, उंट तिरका, हत्ती सरळ, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ. पण जुन्या उर्दू वळणात आपला उंट 'फील', म्हणजे हत्ती, आणि कोपऱ्यातला आपला हत्ती 'रुख'. मराठी खेळाडू 'फील मारला' ऐकून भलत्याच घराकडे बघेल. स्पॅनिशमध्ये आजही त्या तिरक्या मोहऱ्याला 'आल्फिल' म्हणतात, अरबी 'अल-फील'वरून. रशियनमध्ये तो हत्तीच. बंगालीत कोपऱ्यात होडी. प्रेमचंदांनी १९२४ साली 'शतरंज के खिलाडी' लिहिली ती लखनौवरच: अवध राज्य हातचं जात असताना पटावरून न उठणारे दोन मित्र. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये तिचा चित्रपट केला.

आपला चांगदेव

वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक. चांगदेवासारखा प्राणीसोबती मिरवणारा वीर कुठल्या नियमपुस्तकात नाही. आणि समोरून ज्ञानेश्वर चालत्या भिंतीवर बसून येतात! डाव तिथेच संपला.

पटावरची झुंज बरी

आता थोडं कडू. अब्दुल हलीम शरर यांचं 'गुजिश्ता लखनौ' वाचताना त्या शहराची हौस पाहून थक्क व्हायला होतं. अवधचे नवाब वाजिद अली शाह राज्य गमावून कलकत्त्याच्या मटियाबुर्जला राहिले, तिथेही त्यांच्याकडे वीस हजारांहून अधिक कबुतरं होती असं शरर सांगतात. बटेरांच्या झुंजींसाठी त्या इवल्याशा पक्ष्याला मुठीत धरून धरून माणसाळवायचं, उपाशी ठेवायचं, रात्री त्याच्या कानाशी ओरडायचं. त्यांच्या आधीचे नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात दोन पिल्लांचा एकेक पंख कापून ती एकमेकांना शिवायची आणि त्यातून 'जोड-कबूतर' घडवायचं, असाही कारागीर होता. हे वाचताना माझे हात थिजतात. कौशल्य मोठं, पण ज्याच्या जिवावर ते चाललं त्याला कुणी विचारलं नाही.

कागदावरच्या लांडग्याला जखम झाली तर खोडरबर पुरतो. म्हणून मला हा खेळ मनापासून प्यारा आहे. पराक्रम, स्वारी, झुंज सगळं मिळतं, आणि मुक्या जिवाचं एक पीसही गळत नाही.

सुट्टीत करून बघा

परदेशी जंगलं आणि किल्ले पुष्कळ झाले. या सुट्टीत मुलांना खेळातच लखनौच्या रूमी दरवाजातून आत न्या. लखनौच्या दरवाजांवर अवधच्या राजचिन्हातले मासे कोरलेले आहेत, त्यातला एक रात्री बोलू लागला असं ठरवा. त्याला पाणी कुठून आणायचं, हा पहिला नियम. प्रत्येक मुलाला एक प्राणी द्या आणि त्या प्राण्याला जमणार नाही अशी एक गोष्ट त्या मुलालाच ठरवू द्या. फासा नसेल तर चिठ्ठ्या चालतात. खरे प्राणी बघायचे तर लखनौच्या बनारसी बागेतलं प्राणिसंग्रहालय आहे, १९२१ पासूनचं, आता वाजिद अली शाहांच्याच नावाचं.

आणि पोपट हवाच असेल तर कागदावर पाळा. आपल्या रानातला हिरवा पोपट घरी पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.