पंप वाजतो तेव्हा

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेव्हा त्या जमिनीखालच्या नळाच्या वाटेवर जागोजागी हवा सोडणारे उच्छ्वास बांधले गेले. बंद वाटेनं पाणी न्यायचं तर कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब यांची सोय लावावीच लागते, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. त्याच कात्रज-धनकवडी पट्ट्यात आज भारती हॉस्पिटलसारखं मोठं शिक्षण-रुग्णालय आहे. अशा कुठल्याही रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हवा आणि दाब हेच दोन प्रश्न रोज उभे राहतात. फरक इतकाच, की इथली नळी काडीएवढी असते, प्रवाह कधी कधी तासाला जेमतेम एक मिलीलिटर असतो आणि काही बिघडलं तर वर्दी देण्याचं काम औषध सोडणाऱ्या पंपाच्या आवाजाकडे असतं.

साध्या सलाईनमध्ये सिस्टर चाक फिरवतात आणि थेंब मोजतात. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलीलिटर होतो. पण रुग्णानं हात दुमडला की वेग बदलतो. रक्तदाब धरून ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन, इन्सुलिन किंवा भुलीची औषधं अशा अंदाजावर सोडता येत नाहीत, म्हणून पंप आला. हा पंप औषध ढकलतो, आणि त्याला खात्रीनं कळतं ते एवढंच. औषध शिरेत पोचलं की नाही, हे तो नळीतल्या दाबावरून ताडतो. म्हणूनच सुई शिरेतून निसटून औषध आजूबाजूच्या मांसात उतरत असलं, तरी पंप पुष्कळदा गप्प राहतो. मऊ मांसात पुरेसा दाब तयारच होत नाही. हातावरची सूज पंपाला दिसत नाही, ती माणसालाच बघावी लागते.

सगळ्यात जास्त समजून घ्यायला हवा तो अडथळ्याचा अलार्म. स्क्रीनवर ‘ऑक्लूजन’ उमटतं. थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, बंद राहिलेला असतो, नळी कॉटच्या कठड्यात चिमटलेली असते, नाहीतर शिरेत घातलेल्या इंट्राकॅथमध्ये रक्त गोठलेलं असतं. पण अडथळा आल्या क्षणी हा अलार्म वाजत नाही. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढेपर्यंत पंप ढकलतच राहतो आणि सिरिंज व नळी किंचित फुगत जातात. समजा, त्या फुगण्यात अर्धा मिलीलिटर औषध साठतं. वेग तासाला ६० मिलीलिटर असेल तर अलार्म अर्ध्या मिनिटात वाजेल. तासाला एकच मिलीलिटर असेल तर अर्धा तास लागेल. नॉरअॅड्रेनलिनचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो, म्हणजे पंपाच्या आधी मॉनिटरवरचा रक्तदाब बोलू लागतो.

खरा धोका मात्र पुढेच आहे. घाईघाईनं थ्री-वे उघडला, तर साठलेला तो अर्धा मिलीलिटर एकदम रुग्णाच्या अंगात जातो: अर्ध्या तासाचं औषध एका झटक्यात. म्हणून जाणत्या सिस्टर आधी पंप थांबवतात, रुग्णाकडची नळी बंदच ठेवून आतला दाब रुग्णाच्या विरुद्ध बाजूनं मोकळा करतात, मग अडथळा काढतात आणि त्यानंतरच पंप पुन्हा सुरू करतात. काही नवे पंप हा दाब स्वतःच मागे घेतात, पण कोणता घेतो आणि कोणता नाही, हे त्या वॉर्डात सगळ्यांना माहीत हवं. वाकलेली नळी सरळ करणं हे पुण्यकर्म वाटतं, आणि नेमकं तेच कधी कधी जिवावर बेततं.

बाटलीच्या बाजूनंही अडथळा येतो. क्लॅम्प उघडायचा राहतो, किंवा बाटलीत हवा शिरायला वाट नसते. आपल्याकडे अशा वेळी प्लास्टिकच्या बाटलीला वरून सुई टोचण्याची सवय आहे. प्रवाह सुरू होतो, पण वॉर्डातली हवा जंतूंसकट आत जाते. फिल्टर असलेला व्हेंटचा सेट वापरणं हाच त्यावरचा नीट उपाय.

नळीत हवा आल्याच्या अलार्मचं कारण पुष्कळदा फ्रिजमध्ये सापडतं. थंडगार बाटली तशीच लावली की द्रव कोमट होताना त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानं सुटते. बारीक बुडबुडे मोठ्या माणसाची फुप्फुसं सहसा गाळून टाकतात. पण जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मापूर्वीची वाट पूर्ण बुजलेली नसते, तिथून बुडबुडे फुप्फुसं चुकवून पुढे जाऊ शकतात; आणि नवजात बाळात तर थोडी हवाही महागात पडते. आणखी एक गोष्ट: पुष्कळशा सिरिंज पंपांत हवा ओळखणारा सेन्सरच नसतो. तिथे नळी भरून घेताना डोळ्यांनीच खात्री करायची.

मग इतके महत्त्वाचे अलार्म दुर्लक्षित का होतात? कारण ते फार वाजतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं एप्रिल २०१३ मध्ये रुग्णालयांना इशारा दिला. २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी निगडित ९८ दुर्घटना नोंदल्या गेल्या होत्या, त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावले होते. त्याच इशाऱ्यात म्हटलं होतं, की ८५ ते ९९ टक्के अलार्मना उपचाराची गरजच नसते. हे आकडे पंपांपुरते नाहीत, मॉनिटर आणि व्हेंटिलेटरही त्यात आले. पण सततच्या आवाजात कान बोथट होतात, तो दोष सिस्टरच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. औषध संपण्यापूर्वीच दुसरी सिरिंज तयार ठेवणं, पंप चार्जिंगला लावलेला असणं, दाबाची मर्यादा रुग्णाला साजेशी लावणं यांनी कितीतरी आवाज मुळातच टळतात. त्यासाठी माणसं मात्र पुरेशी हवीत.

पंपही निर्दोष नसतात. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेकडे पंपांविषयी सुमारे ५६,००० तक्रारी आल्या आणि ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. काही पंपांत एकदा दाबलेली कळ दोनदा नोंदली जात होती.

कॉटशेजारी बसलेल्या नातेवाइकांच्या हातात अलार्म शांत करण्याचं बटण सहज येतं. ते दाबलं की आवाज थांबतो, कारण तसंच राहतं. सिस्टरना हाक मारावी, कुठला दिवा लागला ते सांगावं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार लुकलुकणारा लाल म्हणजे तातडीचं, लुकलुकणारा पिवळा म्हणजे त्याखालोखाल. रुग्णाला एक्स-रे किंवा सीटी स्कॅनला नेताना पंप किती टक्के चार्ज आहे, हे कुणीही विचारावं. त्यात भीड कसली?

भारतात वैद्यकीय उपकरणांमुळे घडलेल्या घटना नोंदवायला ६ जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं. पंप चुकला अशी शंका आली तर तो पुसून दुसऱ्या रुग्णाला लावू नये. नळी आणि सिरिंजसकट तसाच बाजूला ठेवावा, स्क्रीनवरचा वेग आणि वेळ लिहून घ्यावी आणि बायोमेडिकल इंजिनिअरला बोलवावं. पुष्कळशा आधुनिक पंपांच्या आत दाबलेल्या कळा आणि अलार्म यांची नोंद असते. तपासणीआधी कुणी ती पुसली नाही, तर नेमकं काय घडलं ते तिथेच वाचता येतं.